अवतरणचिन्हांतलं स्थळ

सर्च इंजिन मी पहिल्यांदा पाहिलं ते फळ्यावर. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे आधी शिकायला आणि मग शिकवायला गेले. दोन हजारच्या दशकाची ती मधली वर्षं, भारनियमन जोरात. क्लासात कॉम्प्युटर होते, इंटरनेटची केबल होती, जिन्यापाशी 'इंटरनेटसह' असं लाल अक्षरांत रंगवलेलं होतं. फक्त वीज नसायची. म्हणून आमच्या सरांनी खडूने फळ्यावर एक लांबट चौकोन काढला, त्याखाली दोन छोटी बटणं काढली आणि म्हणाले, "हे इंटरनेट आहे असं समजा."

आम्ही समजलो. समजून चालण्याची आम्हाला सवय होती. शाळेतले सगळे प्रयोगही आम्ही फळ्यावरच केले होते. निळा लिटमस लाल होताना मी आजतागायत पाहिलेला नाही, पण तो होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सरांनी त्या अंधाऱ्या वर्गात एक पद्धत काढली होती. आम्हीच वेबसाईटची पानं व्हायचं. प्रत्येकाला एकेक वाक्य द्यायचे. कुणी म्हणजे 'अंबरनाथला शिव मंदिर आहे', कुणी 'शिव मंदिर रोडला चपलांचं दुकान आहे', कुणी 'शिव नावाच्या मुलाचं घर मंदिर चौकात आहे'. मग सर फळ्यावरच्या चौकोनात 'शिव मंदिर' लिहायचे. ज्याच्या वाक्यात हे दोन्ही शब्द कुठेही असतील, त्याने उभं राहायचं. अर्धा वर्ग उभा राहायचा. मग सर त्या शब्दांना अवतरणचिन्हं घालायचे. आता शब्द त्याच क्रमाने, शेजारीशेजारी असतील तरच उभं राहायचं. शिव नावाचा मुलगा निमूट बसायचा. त्यापुढे वजाचं चिन्ह काढून सर 'चपलांचं' लिहायचे, की चपलांचं दुकान खाली बसायचं. एकाच साईटमध्ये शोधायचं असेल तर 'फक्त खिडकीकडच्या बाकांनी बोला' असं सांगायचे. आणि उभ्या राहिलेल्यांत पहिला नंबर कुणाचा? ज्याच्याकडे इतर जास्त जण बोट दाखवतील त्याचा. तो खरं बोलतो की खोटं, याच्याशी मशिनचा काही संबंध नाही. हा शेवटचा भाग परीक्षेला येत नसे, त्यामुळे कुणी लिहून घेत नसे.

सर पुढे पुण्याला नोकरीला गेले आणि त्यांचा खडू माझ्याकडे आला. त्यांचे उपकार मी आजही मानते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉम्प्युटरला हात लावणारीही पहिलीच. बाबांना या दुसऱ्या गोष्टीचं जास्त कौतुक होतं. डिग्री भिंतीवर होती, ती येणाऱ्याला मुद्दाम दाखवावी लागे. कॉम्प्युटरचं मात्र ते आपणहून सांगत. "आमची ताई मशिनवर काय पण शोधते," असं ते चाळीत, कंपनीत आणि विहारात सांगून आले होते. परिणामी आमच्या दारात माणसं येऊ लागली. एका बाईंना नव्या रेशनकार्डाचा अर्ज कुठपर्यंत पोचला ते बघायचं होतं. एकाला गावाकडून निघून गेलेला भाऊ हवा होता. मी प्रत्येकाला अवतरणचिन्हं समजावून सांगे. ते आदराने ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "मग कधी येऊ?"

अशात मला बदलापूरचं स्थळ आलं.

विहारातल्या एका ओळखीच्या काकांनी ते सुचवलं होतं. मुलगा औषधांच्या कंपनीत स्टोअर्समध्ये होता. कुटुंब मुंबईतल्या चाळीतून नुकतंच बदलापूरच्या नव्या इमारतीत राहायला आलेलं. बघायला आले तेव्हा अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडच्या आमच्या दोन खोल्यांत आठ-दहा माणसं दाटीवाटीने बसली. मी पोहे दिले. मुलाच्या आईने स्वयंपाकाचं विचारलं, वडिलांनी शिक्षणाचं विचारलं, आणि शिक्षण ऐकून त्यांनी बाबांकडे असं पाहिलं की बाबांची मान पुढचा अर्धा तास खाली आली नाही.

मग मुलगा म्हणाला, "तुमचा क्लास उल्हासनगरला ना? लाईट गेल्यावर काय करता?"

"फळ्यावर शिकवते."

"इंटरनेट?"

"हो."

"फळ्यावर?"

"मुलांना उभं करते."

त्याने बशी खाली ठेवली. "म्हणजे कसं?"

मी सांगू लागले. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने जितकं बोलावं त्याच्यापेक्षा मी बरंच जास्त बोलले असणार, कारण वजाच्या चिन्हापाशी पोचले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आत्याने माझ्या दंडाला चिमटा घेतला आणि म्हणाली, "पाणी आण गं."

मी पाणी घेऊन आले तरी तो तिथेच थांबलेला. "आणि कुणीच उभं राहिलं नाही तर?"

"तर एवढंच समजायचं की या वर्गात तसं कुणी नाही," मी म्हटलं.

"मग वर्ग बदलून बघायचा," तो म्हणाला आणि पोहे संपवले.

एवढंच बोलणं. पण माणसं गेल्यावर मी बशा विसळत होते आणि माझ्या लक्षात आलं की हे स्थळ नाही म्हणून कळवलं तर मला वाईट वाटणार आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे मुलीला पसंती विचारत, पण ती चहाला साखर किती असं विचारल्यासारखी. उत्तर काहीही आलं तरी चहा आधीच झालेला असे.

दोन्ही घरं एकमेकांना पसंत होती. पौर्णिमेच्या आत कळवा, असा त्यांचा निरोप आला. आता फक्त चौकशी उरली होती.

चौकशी हे आत्याचं खातं. ती बाबांची मोठी बहीण, उल्हासनगर कॅम्प एकला राहायची. आमच्या नात्यातल्या कुठल्याही मुलीचं लग्न आत्याच्या चौकशीशिवाय झालेलं नव्हतं. तिची रीत ठरलेली होती. दळणाचा डबा घेऊन मुलाच्या घराजवळच्या पिठाच्या गिरणीवर जायचं, आपला नंबर मुद्दाम मागे ठेवायचा आणि बायकांमध्ये बसायचं. दळण होईपर्यंत मुलगा पितो का, आई कशी आहे, घरात आवाज कुणाचा मोठा, हे सगळं तिला समजलेलं असे. मात्र या वेळी तिला चौकशीत फारसा रस नव्हता, कारण माझ्यासाठी तिच्या मनात तिच्या दिराचा मुलगा होता. कॅम्प एकमधला, मला एकदा बघूनही गेलेला. त्याच्याबद्दल आम्हाला सगळं माहीत होतं. अडचण तीच होती. तो दिवसभर कॅरम खेळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मुलगा कायम घराजवळच असतो ही आत्याच्या मते जमेची बाजू होती.

तरी ती प्रामाणिकपणे दळण घेऊन बदलापूरला गेली आणि दुपारी डबा जसाच्या तसा घेऊन परत आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"गिरणीच नाही," ती म्हणाली. "अख्खी कॉलनी बांधली आणि गिरणी नाही. पिशवीतलं पीठ खातात."

"मग शेजाऱ्यांना विचारायचं," बाबा म्हणाले.

"विचारलं ना! समोरच्या बाईने साखळी लावून बोटभर दार उघडलं. म्हणते, आम्ही पण नवीनच. वरच्या मजल्यावर गेले, ते पण नवीनच. सगळी बिल्डिंग नवीनच आहे. तिथे माणसं राहतात का नुसते दरवाजे?"

"वॉचमन?"

"तो म्हणतो, फ्लॅट नंबर बोलो. मी म्हटलं, बाबा, नंबर आहे माझ्याकडे, माणसं कशी आहेत ते सांग. तर म्हणतो, मेंटेनन्स टाईम पे देते हैं." आत्याने डबा आपटला. "ही काय चौकशी झाली?"

बाबांनी तिला मुंबईच्या जुन्या चाळीत पाठवलं. तिथे पत्र्याचं कुंपण होतं आणि आत खड्डा. भाडेकरू कुठे कुठे पांगले, ते कुंपणावरच्या पाटीला माहीत नव्हतं. मी वर्गात शिकवायचे की एखादं पान बंद पडलं तरी सर्च इंजिनकडे कधीकधी त्याची जुनी प्रत सापडते. चाळीची मात्र कुणी प्रत ठेवलेली नव्हती. मुलाच्या कंपनीच्या गेटवर तर तिथल्या माणसाने आत्याचीच चौकशी केली. स्थळ सुचवणारे काका म्हणाले, "लोक चांगले वाटतात. पण विहारात भेटतो तेवढीच ओळख, मी काही त्यांच्या घरात वावरलेलो नाही."

पौर्णिमा जवळ आली. कॅम्प एकच्या मुलाचं नाव आत्या आता दर चहाला घेऊ लागली. तेव्हा बाबा एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुझ्या त्या मशिनवर बघ ना."

मी आधी नको म्हटलं. माझ्याच नवऱ्याची चौकशी मीच करायची, हे विचित्र वाटत होतं. पण मनात खोल कुठेतरी आनंदही झाला. ज्या विद्येसाठी बाबांनी ओव्हरटाईम केला, ती घरच्या कामाला येणार होती. शिवाय माझा त्या मशिनवर भरवसा होता. इतकी वर्षं मी त्याला फळ्यावर चालवलं होतं, ते कधी बिघडलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं क्लासमध्ये गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत्याच्या हातात पिशवी होती, चौकशीला ती रिकाम्या हाताने जात नसे. क्लासचे सिंधी मालक, ज्यांना आम्ही शेठजी म्हणायचो, ते आधीच येऊन बसले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, मॉनिटरसमोर उदबत्ती लावली आणि आत्याला म्हणाले, "बैठो दादी, आराम से बैठो."

"दादी कुणाला म्हणतोय हा?" आत्या मला म्हणाली. शेठजी तिच्यापेक्षा थोडेसेच लहान होते; सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

लाईट होती. ही गोष्ट मला तेव्हाच संशयास्पद वाटायला हवी होती.

मी मुलाचं नाव टाईप केलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं इंग्रजी अक्षरांत, कारण आमची भाषा त्या मशिनला तेव्हा फारशी येत नव्हती. पुढेमागे अवतरणचिन्हं घातली. मुलगा त्या दोन चिन्हांच्या मध्ये इतका व्यवस्थित बसला होता की मला क्षणभर बरं वाटलं. बटण दाबलं.

पान हळूहळू उतरलं. त्यावर लिहिलं होतं की असं कुठेच काही आढळलं नाही.

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"काही सापडलं नाही."

बाबांनी श्वास सोडला. "म्हणजे पोलिसात नाव नाही. कोर्टात नाही. झालं तर मग, स्वच्छ आहे मुलगा."

"स्वच्छ कसला?" आत्या म्हणाली. "एवढ्या मोठ्या जगात त्याचं नाव घेणारा एक माणूस नाही? आमच्या पोराचं नाव अख्खा कॅम्प घेतो."

"कशासाठी घेतो ते पण बघ," बाबा म्हणाले.

मी समजावलं की शून्य आलं याचा अर्थ चांगलाही नाही आणि वाईटही नाही. आपण फार नेमकं विचारलं आहे, थोडं सैल करून बघू. मी अवतरणचिन्हं काढली. या वेळी पानाच्या वरच्या कोपऱ्यात भला मोठा आकडा आला, लाखांच्या घरातला.

आत्याने तोंडावर पदर धरला. "बाई गं! एवढा बोभाटा?"

बाबांचा चेहरा उतरला. "इतक्या ठिकाणी नाव आहे त्याचं?"

"त्याचं नाही बाबा. ते तीन शब्द कुठेकुठे विखुरलेले आहेत. हे बघा, हा दुसऱ्याच गावचा नगरसेवक आहे. हे नागपूरचं हॉस्पिटल आहे. हा क्रिकेट खेळतो."

"हॉस्पिटलात कशाला गेला होता?" आत्याने विचारलं.

पानाच्या वर एक ओळ आली होती. आपल्याला असं म्हणायचं होतं का, असं विचारून मशिनने जवळपासचं दुसरंच एक नाव पुढे केलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

"दुसरं स्थळ सुचवतो काय?" आत्या पुढे सरकली. "कुठला आहे?"

"ताई, तू गप्प बस."

"विचारायला काय जातंय?"

बाबा मात्र आता कामाला लागले होते. वजाचं चिन्ह त्यांना फार आवडलं. "ते हॉस्पिटल वजा कर," ते म्हणाले. मी केलं. "तो नगरसेवक वजा कर. क्रिकेटवाला वजा कर." आम्ही एकेकाला बाहेर काढू लागलो, आणि दर वेळी आकडा खाली आला की बाबा मान डोलवत, जणू घर झाडून होत होतं.

"जमतंय तर सासू पण वजा कर," आत्या म्हणाली. "नणंद असेल तर ती पण. मग माझी हरकत नाही."

मी मुलाच्या कंपनीच्या साईटपुरतंच शोधून पाहिलं. तिथे कंपनीच्या गेटचा फोटो मिळाला. आत्याने तो ओळखला. गेटवरचा माणूस फोटोत नव्हता याचा तिला आनंद झाला. वजा करत करत आम्ही शेवटी फिरून शून्यावर आलो.

शेठजी इतका वेळ मागे उभे राहून बघत होते. त्यांनी चौकोनाखालच्या दुसऱ्या, जे पहिलं सापडेल तेच थेट उघडणाऱ्या बटणाकडे बोट केलं. "बेटा, ये वाला दबाओ ना. लकी वाला."

"शेठजी," बाबा ताठ होत म्हणाले, "आमच्यात नशीब मानत नाहीत."

"अरे साईं, लड़की की शादी कर रहे हो और नसीब नहीं मानते?"

बाबा आत्याकडे वळले. आत्याला सुचलं. ती म्हणाली, "हिचं नाव टाक बघू."

"माझं कशाला?"

"टाक तर."

मी माझं नाव टाईप केलं. अवतरणचिन्हांत. बटण दाबलं. कुठेच काही आढळलं नाही.

"बघ," आत्या म्हणाली, "तू पण नाहीस."

तिने ते गमतीने म्हटलं होतं. पण बाबा खुर्चीत पुढे झुकले आणि त्यांनी ते पान, इंग्रजी वाचता येत नसताना, पुन्हा पाहिलं. "बी.कॉम. झाली तरी नाही?"

"तसं नसतं बाबा. कुणीतरी लिहून ठेवलं तरच..."

"युनिव्हर्सिटीने कळवलं नाही वाटतं," ते म्हणाले. आमच्या घरातला पहिला पदवीधर कोण हे सगळ्या चाळीला माहीत होतं, कंपनीला माहीत होतं, आणि ज्या मशिनला जगातलं सगळं माहीत असतं असं मी सांगितलं होतं त्याला माहीत नव्हतं. बाबांचा मशिनवरचा विश्वास त्या क्षणी गेला. तो परत आला नाही.

मग बाबा मला म्हणाले, "बाळ, एक सांग. समज, मी हो म्हटलं. उद्या काही झालं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

मला कळलं नाही. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पिशवीचे बंद नीट करत होती.

"हिच्या लग्नाची चौकशी आमच्या चुलत्याने केली होती," बाबा म्हणाले. "मुलगा चांगला आहे म्हणाला. तुझा मामा दारू प्यायला लागला तेव्हा माझा बाप दुसऱ्या कुणाकडे गेला नाही. चुलत्याच्या दारात जाऊन बसला. म्हणाला, तू सांगितलंस म्हणून दिली. आता ऊठ आणि चल."

"आला तो," आत्या खाली बघत म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. "महिनाभर आमच्या घरी राहिला म्हातारा. ह्यांच्या उशाशी बसायचा. म्हणून संसार राहिला माझा."

ती गोष्ट मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मला वाटत आलं होतं की चौकशी म्हणजे माहिती. माहितीसाठीच तर मी वजा, अवतरणचिन्हं आणि सगळं काही घेऊन बसले होते.

"आता ह्याच्या दारात जाऊ?" बाबांनी मॉनिटरकडे हात केला.

"मेरे दरवाज़े पे मत आना बाबा," शेठजी घाईघाईने म्हणाले. "मैं तो सिर्फ क्लास चलाता हूँ."

आणि लाईट गेली. पंखा मंदावत थांबला, पडदा काळा झाला, बदलापूरचा मुलगा आणि मी दोघंही त्यात गेलो. खिडकीतून जेमतेम उजेड येत होता आणि समोर फळ्यावर मी शुक्रवारी काढलेला लांबट चौकोन तसाच होता. रिकामा.

कॅम्प एकचा मुलगा तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर आला असणार, कारण आत्याने बोलायला तोंड उघडलं. तिच्याआधी मी बोलले.

"माझ्या."

"काय तुझ्या?" बाबा म्हणाले.

"माझ्या दारात या. मी सांगते, मुलगा चांगला आहे. काही झालं तर मला विचारा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान गरम झाले होते. अर्ध्या अंधारात ते दिसत नसावेत अशी मी आशा केली.

"चौकशी कुणी केली पण?" आत्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, खात्याचा अधिकार होता.

"मी."

"कधी?"

"बघायला आले तेव्हा. त्याने मला प्रश्न विचारले."

"त्याने विचारले म्हणजे तुझी चौकशी झाली. त्याची कुठे झाली?"

"आत्या, तुझ्या पुतण्याने बघायला आल्यावर मला काय विचारलं होतं?"

आत्या खोटं बोलणारी बाई नव्हती. "टीव्ही कुठल्या कंपनीचा ते," ती म्हणाली.

बाबा उठले. शेठजींचे आभार मानले, उदबत्तीकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरू लागले. मध्यावर थांबून मला म्हणाले, "तुझं दार म्हणजे त्याचंच दार ना? त्याच्याशी भांडायला मी त्याच्याच घरी यायचं?"

"हो."

"चहा मिळेल ना?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांनी होकार कळवला. लग्न विहाराच्या पटांगणात झालं. आत्याने सगळ्यांना सांगितलं की या वेळची चौकशी मुलीने स्वतः केली, आणि हे ती कौतुकाने म्हणते आहे की हात झटकते आहे, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

लग्नानंतर काही दिवसांनी मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही कधी माझं नाव नेटवर शोधलं होतं?"

"शोधलं होतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. अवतरणचिन्हं घालून, तू सांगितलं होतंस तसं."

"मग?"

"कुणीच उभं राहिलं नाही. मग वर्ग बदलून बघितला."

तो सुट्टीच्या दिवशी उठून उल्हासनगरला गेला होता. माझ्या क्लासच्या जिन्यापाशी घुटमळला, पण नुसतं उभं राहून कसं विचारणार, म्हणून खालच्या दुकानात शिरला. दुकानदार काही सांगेपर्यंत त्याला एकामागून एक जीन्स घालून बघाव्या लागल्या. शेवटी दुकानदार म्हणाला होता, "टीचर? लाइट नहीं होती तो भी पढ़ाती है. पूरा दुकान सुनता है." एवढं ऐकून तो समाधानाने बाहेर पडला. हातात एक जीन्स होती, कंबरेला सैल आणि लांबीला आखूड, आणि ती परत घेणार नाही असं दुकानात लिहिलेलं होतं.

ती जीन्स तो अजून घालतो.

आत्या आमच्याकडे येऊ लागली ती आधी माझी खुशाली बघायला. मग तिने समोरच्या दाराची साखळी काढायला लावली, मग वरच्या मजल्याची. वर्षभरात असं झालं की आमच्या इमारतीत कुणाच्या स्थळाची चौकशी करायला माणसं आली की वॉचमन फ्लॅट नंबर विचारत नाही. तो म्हणतो, रविवारी या, दादी येते. दादी या शब्दाबद्दल तिने त्याला माफ केलं आहे.

आणि बाबा आले. ठरल्याप्रमाणे तक्रार घेऊन आले. जावई फोन उचलत नाही, ही पहिली तक्रार होती. मग जावई मासळी नीट निवडत नाही. मग जावयाने कंपनीत युनियनच्या मीटिंगला जायला हवं होतं, तो गेला नाही. अंबरनाथहून ते खास यायचे, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि आधी एकदा स्पष्ट म्हणायचे, "तू सांगितलंस म्हणून दिली." मला ते ऐकताना हसू येई, पण मी हसत नसे. दारू, मारहाण, दुसरं काही, यातलं सांगण्यासारखं बाबांकडे काही नव्हतं, आणि मिळालेला हक्क तर वापरायला हवा होता.

एका पौर्णिमेला विहारातून ते थेट आमच्याकडे आले. चेहरा गंभीर.

"काय झालं बाबा?"

"सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. हा ती पँट घालून वंदनेला बसला. खाली बसला की ही अर्धी पोटरी उघडी. चार लोक बघत होते."

आतल्या खोलीतून माझ्या नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. ती पँट कुठून आली, कशासाठी आली, हे मी बाबांना तेव्हाच सांगू शकले असते. पण त्यांनी खुर्ची दाराकडे ओढून घेतली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. चुलत्याच्या दारात आजोबा बसले असतील ते असेच.

"तू सांगितलंस म्हणून दिली," बाबा म्हणाले.

"हो बाबा, मीच सांगितलं," मी म्हटलं आणि चहा ठेवला.